सिंधूबाई दुसऱ्यांदा दारात आल्या तव्हा

दोन दिस झाले, डोळ्याला डोळा लागला न्हाई. हिंगोलीकडच्या गोरेगावला, माह्या माहेरी, भावाची लेक परी, तीन वर्षाची, मेंदूज्वराची लस न घेता फिरून राहिली, आन भाऊ माझा फोन उचलत न्हाई. त्यातच आशाताई म्हनल्या, "आपल्या उपकेंद्राच्या नर्स सिंधूबाईंना साठ वर्षं पुरी झाली, त्यांच्यावर पुस्तक निघून राहिलं, तू बी लिही." मी सातवी शिकलेली. बाईंचं खरं लिहायचं तर माझी लबाडी बी लिहावी लागती. लिहिते.

बाईंची पहिली गाठ पडली तव्हा हे पोरगं माह्या पोटात होतं. मी सुईला लई भ्यायचे. बाई म्हनल्या, "तिकडं बघ गं, तुझी सासू पळून चालली!" मी मान वळवली, तवर टोचून झालं. सासूबाई बाकड्यावरच होत्या, त्याच जास्ती हसल्या.

मंग गावोगाव मेंदूज्वराची लस टोचायची मोहीम निघाली. मी तव्हा पोराला घेऊन माहेरी होते. टोचलं की लेकराच्या बोटाला शाई लावायचे. टोचल्यावर ताप येतो म्हनून मी आन भाऊ दोघं बी भ्यालो. भावानं हळदीच्या पोत्यावर नंबर टाकायचा मार्कर घेतला आन माह्या पोराच्या आन परीच्या बोटाला लावला. "घे, झालं टोचून! रडनं न्हाई, ताप न्हाई." आमी हसलो. मी सासरी आले तव्हा बाईंनी बोट पाहून वहीत बराबर लिहून घेतलं.

काही महिन्यानं बाई रक्त घ्यायला आल्या. लस गावाला कितपत लागू पडली ते पाहायला चिठ्ठ्या टाकून घरं काढली होती, त्यात आमचं निघालं. सासूबाई म्हनल्या, "शेजारच्याचं घ्या की, त्यांचं पोरगं गुटगुटीत हाय."

"ज्याचं घर निघालं त्याचंच घेनार, मावशी. गुटगुटीत निवडले तर सगळं गावच गुटगुटीत दिसंल."

मंग एक दिस बाई परत आल्या, उन्हात, चालत. गुडघा धरून पायरीवर बसल्या. "लेकराच्या रक्तात लसीची ताकद दिसली न्हाई गं. चूक आमचीच असंल. डब्यातला बर्फ वितळून लस बिघडली असंल. आता सगळ्या गावची लस तपासायला लावते."

माझी लबाडी बाई आपल्या अंगावर घेऊन राहिल्या होत्या. मला रडू फुटलं. "बाई, त्याला टोचलंच न्हाई."

बाईंनी पिशवीतली वही काढली. "भ्याली होतीस?"

"व्हय."

"मंग तव्हाच सांगायचं नं, येडे. मी आले असते लेकराजवळ बसायला."

वहीतली ओळ खोडली, गावात कोनाला बोलल्या न्हाईत. पोराला टोचलं, आन संध्याकाळी ताप पाहायला खरंच आल्या. दुसऱ्या दिशी पोरगं अंगनात कोंबड्यामागं पळत होतं.

भावाला हे सांगितलं तर तो चिडला. "आता माझं बी नाव सांगशील!" तव्हापासून माझा फोन कापतो, बाईंचा बी कापतो. त्याच्या शेजारच्या गावातलं एक लेकरू परवा तापानं हिंगोलीला नेलं. कशाचा ताप, ठावं न्हाई. मला नववा महिना हाय, जीपमधी कोनी बसू देत न्हाई.

बाई, तुमचा गुडघा बरा राहो, नजर शाबूत राहो, लई वर्षं जगा. आमच्या नातवंडांना बी तुमीच फसवून टोचा.

आन हा कागद ज्याच्या हातात पडंल त्यानं पुस्तक छापायची वाट पाहू नका. भावाचा नंबर उपकेंद्रात बाईंजवळ हाय. तुमचा नंबर तो वळखत न्हाई, तुमचा फोन उचलंल. त्याला सांगा, बाई रागवत न्हाईत, परीला टोचायला घेऊन जा. एवढा एक फोन लावा.