सुमनताईंनी ओवलेले हार

लग्न ठरलं की माणसं फुलांच्या दुकानात येतात आणि घरातलं काहीतरी आमच्याकडे सांगून जातात. मी नव्वदच्या आसपास लग्न होऊन पनवेलला आले. एसटी स्टँडजवळ सासऱ्यांचं फुलांचं दुकान होतं. हार ओवायच्या माझ्या थोरल्या नणंदबाई, सुमनताई. त्यांचं लग्न राहूनच गेलं होतं. मी शेजारी बसून दोरा द्यायचे आणि ऐकत राहायचे.

नवीन पनवेलच्या एका बँकेतल्या क्लार्कना मुलीच्या लग्नात सगळीकडे गुलाब हवे होते, पण बजेट झेंडूचं. ताई म्हणाल्या, "गुलाब फक्त हारात घाला. मांडवाच्या खांबांचे फोटो कोण काढतं?" महिन्याभराने ते अल्बम घेऊन आले. फोटोग्राफरने प्रत्येक पाहुण्याला खांबालाच टेकवून उभं केलं होतं.

उरणकडच्या एक कोळीणबाई लेकीच्या वेणीसाठी अबोली मागत होत्या. त्या आठवड्यात अबोली कुठून येईना. ताईंनी त्याच रंगाची स्वस्त फुलं दाखवली. बाई म्हणाल्या, "रंग नको माला. माज्या आयनं लग्नात अबोलीच माळली व्हती." ताईंनी कोन गावातल्या दोन ओळखीच्या घरी निरोप धाडला आणि अंगणातली फुलं खुडून आणवली. वेणी झाली जेमतेम चार बोटं. बाईंनी ती तळहातावर धरली. "येवढी पुरं. आय पन बारकीच व्हती."

तळोज्याचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नाचे गजरे ठरवायला आले. मोठ्या आजारपणानंतर त्यांना वासच येत नव्हता. बाकी सगळ्या बायकांना त्यांनी कागडा सांगितला. तो मोगऱ्यासारखा दिसतो, स्वस्त असतो, वास मात्र नसतो. बायकोसाठी तेवढा मोगऱ्याचा गजरा. मी आगाऊपणे बोलून गेले, "काका, तुम्हाला काय फरक पडणार?"

"तिला पडेल," ते म्हणाले.

त्या दिवशी ताई माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत.

नेऱ्याचे दत्ताराम रोज सकाळच्या गाडीने आम्हाला सोनचाफा आणून द्यायचे. कितीतरी वर्षं. टोपली ठेवायची, ताईंच्या हातचा चहा प्यायचा, पावसापाण्याचं बोलायचं आणि परतीची गाडी पकडायची. एकदा ते दोन टोपल्या घेऊन आले. चहा घेतला नाही. म्हणाले, घरच्यांनी माझं लग्न ठरवलंय, उद्या आहे. खर्च झेपत नाही, म्हणून हाराला फुलं घरच्याच झाडाची आणलीत. फक्त ओवून द्यायची.

ताईंनी दोन्ही हार ओवले. इतके बारीक, एकसारखे हार त्यांनी कधी ओवलेले मी पाहिले नव्हते. नवरीचा हार गाठ मारायच्या आधी त्यांनी विचारलं, नवरीची उंची केवढी?

दत्तारामांनी रिकाम्या टोपल्या एकात एक बसवल्या. मग म्हणाले, "तुमच्यायेवढीच हाय."

ताई उठल्या. हार स्वतःच्या गळ्यात घालून लांबी बघितली.

"थोडा वाढवू का?"

"नाय," दत्ताराम म्हणाले. "आसाच द्या."