बारा पावलांवरचा आंबा

आमच्या घरामागे एक रायवळ आंबा आहे. सध्या माझ्या खांद्याला लागतो. घराच्या जोत्यापासून बरोबर तीस फुटांवर. हे 'बरोबर' मी उगाच लिहिलेलं नाही. त्यापायी माझा एक अख्खा रविवार गेला आहे.

या घरात येण्याआधी कित्येक वर्षं आम्ही मंगळवार पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. तिथं झाड म्हणजे खिडकीत डब्यात लावलेली तुळस. शहराच्या कडेला तीन गुंठ्यांचा लांबट तुकडा घेतला तेव्हा आईच्या मागं आम्ही दोघंच उरलो होतो, वडील आणि मी. पुढं छोटं घर बांधलं आणि मागं पन्नासएक फूट मोकळी जागा राहिली. तिथं काय काय लावायचं याची वडिलांनी इतकी स्वप्नं पाहिली की ती सगळी खरी झाली असती तर आम्हाला घरातून बाहेर पडायला वाट उरली नसती.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. सरकारी मोजणी खात्यात भूकरमापक म्हणून त्यांनी सगळी नोकरी केली. शेताच्या बांधाबांधावरून साखळी ओढत फिरले. तेहतीस फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली लोखंडी साखळी. पण त्यांचा खरा अभिमान साखळीचा नव्हे, पावलाचा. त्यांचं पाऊल अडीच फुटांचं होतं. चार पावलं म्हणजे दहा फूट, त्यात इंचाचा फरक नाही. ते आधी चालत जाऊन आकडा सांगायचे आणि मागून साखळी तोच आकडा सांगायची, असं त्यांच्या हाताखालचे लोक अजून सांगतात. लग्नाला गेले तरी नवरानवरीच्या आधी हे हॉल मोजून मोकळे. मी राजारामपुरीत एका क्लासमध्ये गणित शिकवते. पण घरात माझ्या गणिताला कोणी विचारत नाही. तिथं पाऊल चालतं. आमच्या घराची आखणी झाली तेव्हाही मिस्त्रींच्या टेपनं आणि आप्पांच्या पावलांनी चारी कोपऱ्यांत एकच उत्तर दिलं होतं.

हे मिस्त्री आमचं घर बांधणारे. आजोबांपासून त्यांच्या घरात गवंडीकाम चालत आलेलं. घर होऊन पाच-सहा वर्षं झाली होती; त्या रविवारी ते मागच्या कुंपणाच्या भिंतीचा राहून गेलेला गिलावा करायला आले होते. आप्पांनी तेलाच्या डब्यात रुजवलेलं आंब्याचं रोप बाहेर आणलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर धरून उभे राहिले. तिथं लावलं की आत बसून दिसेल, हा त्यांचा हिशेब. मिस्त्रींनी थापी खाली ठेवली.

"आप्पा, रायवळ हाय ह्यो. घरावर जाईल. ही काळी माती. उन्हाळ्यात झाड पाणी वडणार, माती आकसणार, आन तुमचा पाया बसणार. तीस फूट तरी सोडा की."

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. जोत्याजवळ कढीपत्ता लावा, जास्वंद लावा, त्यांची मुळं गरीब असतात. लिंबू दहा-बारा फुटांवर चालेल. वड, पिंपळ, उंबर भिंतीत आपोआप उगवले तरी बोटाएवढे असतानाच काढा; एकदा हळदकुंकू वाहिलं की मग कोणी हात लावत नाही. आणि झाडाला पाणी घालायचं ते घराच्या उलट्या बाजूला, म्हणजे मुळं तिकडं जातात. आप्पांना हे एकदम पटलं. शास्त्रानं सांगितलेलं त्यांना नेहमीच पटतं, फक्त बायकोमुलीनं सांगितलेलं पटत नाही. तीस फूट म्हणजे बारा पावलं, असं म्हणून ते जोत्याला टाच लावून उभे राहिले, मोजत गेले, बाराव्या पावलाला खुंटी ठोकली आणि जेवून झोपले.

ते झोपल्यावर मिस्त्रींनी मला मागच्या दारात बोलावलं. खुंटीकडं बघत म्हणाले, "ताई, हे तीस फूट न्हाय."

मी म्हणाले, आप्पांनी मोजलंय. माझ्या आवाजात चांगलाच ताठा होता. मिस्त्रींनी खिशातला टेप काढला, एक टोक माझ्या हातात दिलं आणि खुंटीपर्यंत गेले. एकोणीस फूट. मी पुन्हा मोजायला लावलं. एकोणीसच.

बारा पावलांत एकोणीस फूट. मला गणित करायची गरजच पडली नाही. आप्पा माझ्या डोळ्यांदेखत रोज घरात चालत होते, बाजारात जाऊन येत होते, आणि त्यांची पावलं एवढीशी झालेली मला दिसलीच नव्हती. घराच्या पायाला पुढंमागं तडा गेला असता तर मिस्त्रींनी तो भरून दिला असता. पण सगळं आयुष्य ज्या पावलावर विश्वास ठेवून काढलं ते पाऊल आता खोटं सांगतंय, हे त्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं?

मिस्त्रींनी आपण सांगणार नाही म्हणून हात वर केले. मीही सांगणार नव्हते. मग आम्ही दोघा शहाण्यांनी ती खुंटी उपटली आणि टेप लावून तीस फुटांवर ठोकली. जुन्या जागेवर माती सारखी केली. काही विचारलंच तर तिथं खाली दगड लागला असं सांगायचं ठरलं. मिस्त्री गिलावा संपवून निघून गेले आणि थापेचं सगळं ओझं माझ्यावर टाकून गेले.

संध्याकाळी आप्पा बादली घेऊन माती भिजवायला निघाले. मी दारात चहा घेऊन उभी. ते सवयीनं ओठातल्या ओठात मोजत होते. बाराव्या पावलाला थांबले आणि खाली पाहिलं. तिथं खुंटी नव्हती. मान वर केली तर ती पुढं, बरीच पुढं होती. ते तसेच उभे राहिले. हातातली बादली खाली ठेवायचंही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"खुंटी कुणी हलवली?"

दगडाची गोष्ट माझ्या तोंडापर्यंत आली होती. पण या माणसापुढं जमिनीविषयी खोटं बोलणं मला जमेना. मी म्हणाले, "मी."

"टेप आण."

टेप आणला. शून्य मी जोत्याला धरलं. त्यांनी खुंटीपाशी जाऊन आकडा वाचला, मान हलवली. मग खुंटीपासून घरापर्यंत चालत आले. एकोणीस पावलं. परत फिरून खुंटीपर्यंत गेले. पुन्हा एकोणीस. एकदा केलेली मोजणी ते कधीच खरी धरत नाहीत. मागच्या पायरीवर येऊन बसले आणि तोंडातल्या तोंडात भागाकार केला.

"एक फूट सात इंच," ते म्हणाले.

मला रडू आवरेना, तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. नव्या चपलेमुळं होत असेल, मागं जमीन उंचसखल आहे, असलंच काहीबाही. माझ्याकडं त्यांनी अशा नजरेनं पाहिलं की चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाकडं मी वर्गात पाहते ती नजर कुठून आली ते मला कळलं.

"साखळी वापरून वापरून लांब होत जाती. कड्या ताणतात. म्हणून अधूनमधून ती तपासून घ्यावी लागायची, आणि जेवढी वाढली असंल तेवढं मापात धरायचं. पाऊल मी किती वर्षांत तपासलं न्हाई. पावलाची काय चूक? चूक माझी."

मग चहा मागितला. गार झाला होता, तो तसाच प्यायले. दुसऱ्या दिवशी तीस फुटांवर खड्डा खणून आंबा लावला. एकोणीस फुटांवरची जागा वाया कशाला घालवायची म्हणून तिथं त्यांनी कागदी लिंबू लावलं. मिस्त्री नंतर कधी आले तेव्हा अपराध्यासारखे दारात घुटमळत होते. आप्पांनी त्यांना बसवून घेतलं आणि एक फूट सात इंचाचा हिशेब कौतुकानं समजावून सांगितला.

त्याला आता दोन वर्षं झाली. लिंबाला लिंबं येतात. आंबा कोयीपासून वाढवलेला, त्याला मोहर यायला अजून बराच वेळ आहे आणि त्याची कोणाला घाई नाही. आप्पा रोज सकाळी तांब्या घेऊन जातात, झाडाच्या पलीकडच्या बाजूला पाणी ओततात, परत येतात. मी कणीक मळता मळता खिडकीतून पाहते. जातानाही मोजतात, येतानाही मोजतात.

गेल्या आठवड्यात आत येऊन पंच्याला हात पुसत म्हणाले, "बावीस झाली."

मी कणकेवरून मान वर न करता विचारलं, "आंबा तिथंच आहे ना?"

"तिथंच हाय की," ते म्हणाले. "टेप लावून बघ पाहिजे तर."