वॉल्टरसाहेबांची एक-शून्यची मॅच

जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनमध्ये भाड्याने घर मिळवायला चांगली नोकरी पुरत नाही. तुम्ही घरमालकाला आवडावंही लागतं.

वॉल्टरसाहेबांना आवडावं म्हणून, घर बघायला गेलो तेव्हा वरच्या मजल्यावर त्यांच्या स्वतःच्या घरात भिंतीवरची बेसबॉलची बॅट पाहून मी म्हणालो, "आल्झो, काय सांगू, बेसबॉल म्हणजे माझा जीव की प्राण!" (तोवर बेसबॉल मी फक्त विमानातल्या एका सिनेमात पाहिला होता, तोही शेजाऱ्याच्या स्क्रीनवर.) साहेब मूळचे अमेरिकन, तरुणपणी सैन्यातून इकडे आले आणि लग्न करून इथलेच झाले. ते गहिवरले. घराचं नंतर बघू म्हणाले, आधी रविवारी सगळे वर माझ्याकडे मॅच बघायला या.

मी, बायको केतकी, लेक इरा आणि पुण्याहून आलेले सासरे नाना, असे नटूनथटून गेलो. मॅच निघाली जुन्या व्हिडिओ कॅसेटवरची! साहेबांच्या गावच्या टीमने काही दशकांपूर्वी जिंकलेली, एक-शून्यने. म्हणजे अख्ख्या मॅचमध्ये एकच धाव, आणि तीही सुरुवातीलाच होऊन गेली. पुढे दुपारभर काहीच झालं नाही. साहेबांच्या मते तेच तर बघण्यासारखं होतं. त्यांच्या बोलरचा चेंडू समोरच्या एकालाही धड मारता येत नव्हता. साहेब मुठी आवळून बसलेले. काहीतरी होणार कधी, असं इराने जर्मनमध्ये विचारलं, तेव्हा केतकीने तिच्या तोंडात ब्रेत्सेलचा तुकडा कोंबला.

मला ती शांतता सोसेना. आपण जाणकार वाटावं म्हणून मी म्हणालो, "वा! समोरच्या एकालाही अजून हिट मिळालेली नाही."

साहेबांनी टीव्ही थांबवला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"हे बोलायचं नसतं," ते हळूच म्हणाले.

बोलर असा रंगात आला की त्याबद्दल अवाक्षर काढायचं नसतं म्हणे. काढलं की दृष्ट लागते. मी माफी मागितली. टीव्ही सुरू झाला आणि पुढच्याच चेंडूवर समोरच्याने खणखणीत हिट मारली.

आता ही हिट त्या कॅसेटमध्ये पहिल्यापासून होती. साहेब ती वर्षानुवर्षं बघत आले होते. तरीही त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मीच पुन्हा सॉरी म्हणालो. त्यांची टीम जिंकली, पण टाळ्या कोणीच वाजवल्या नाहीत.

केतकी इराला घेऊन माझ्या पुढेच जिना उतरून गेली. घर गेल्यातच जमा होतं. पण दोन दिवसांनी साहेबांचा फोन आला: घर तुमचं. कारण नाना! इतकी मोठी मॅच हा माणूस ताठ बसून, शब्दही न बोलता बघतो, असा दर्दी त्यांना आजवर भेटला नव्हता.

मी नानांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले.

"जावईबापू, मला कुठे काय कळत होतं?" नाना म्हणाले. "माझा डोळा लागला होता. ऑफिसच्या मीटिंगांनी ताठ बसून झोपायला शिकवलंय."

पुढे नाना भारतात परतेपर्यंत दर रविवारी वरच्या मजल्यावर त्यांची खुर्ची राखीव असायची. मला मात्र साहेब तेवढा वेळ फिरायला जायला सांगत. लोक मैदानात उतरून मॅच बिघडवतात. मी सोफ्यावर बसून बिघडवली, आणि तीसुद्धा माझ्या जन्माच्या आधीची.