रेघेच्या बाहेरून

जऊळक्याच्या स्टेशनवर बाबा मला सोडायला आले, तेव्हा खांद्यावर त्यांनीच केलेली लाकडी पेटी होती. वाशिमच्या आयटीआयमधून मशिनिस्ट होऊन मी चाकणला निघाले होते. आई फलाटावर डोळे पुसत होती आणि बाबा पेटीच्या कडीला तेल पुरेल की नाही याची चिंता करत होते. अकोल्याची गाडी हलली तेव्हा ते खिडकीबरोबर चार पावलं चालले आणि म्हणाले, "रेघ खाऊ नको बरं पोरी. लाकूड जास्त राह्यलं त काढता येते, कमी झालं त जोडता येत नाई." लोक निघणाऱ्या मुलीला जपून राहा, फोन कर असं सांगतात. आमच्या सुताराच्या घरात हेच सांगतात.

गावात राहिलेल्यांनो, तुम्ही मला विचारता की तू तिथं नेमकं करते काय. ऐका. आमच्या शॉपमध्ये ओतकामासाठी लाकडाचे पॅटर्न, म्हणजे नमुने बनतात, सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर. मी प्रोग्राम लिहिते. आकाराच्या कडेकडेनं टूल फिरवायचं, याला आम्ही कंटूर म्हणतो. गंमत अशी की टूलचा मध्य त्या रेघेवरून कधी चालतच नाही. त्याच्या निम्म्या जाडीइतका तो बाजूनं चालतो, म्हणजे धार बरोबर रेघेला लागते. डावीकडून की उजवीकडून, ते आधी सांगावं लागतं. हे पहिल्यांदा शिकवलं तेव्हा सगळे वहीत उतरवत होते आणि मी हसत होते. माझं हे बाबांकडून आधीच शिकून झालं होतं.

बाबा गेले ते काम अर्धवट टाकून. शेजारच्या गंगाधरकाकांच्या बैलजोडीसाठी जू करायचं होतं. लाकूड निवडून, वाळवून ठेवलेलं, आणि मानेच्या खाचेचा प्लायवूडचा फर्मा पेन्सिलनं आखून, कापून भिंतीला टांगलेला. तेरवी झाली नि मी चाकणला परत आले. आईला म्हटलं, चल माझ्यासोबत. ती म्हणाली, "कशी येऊ? तुहे बाबा छपरीत काम करून राह्यले. रोज वाकस वाजते मले."

वाकस म्हणजे लाकूड तासायचं सुतारी हत्यार. टिनाच्या छपरीत बाबा त्यानं तासायला बसले की ठकठक अख्ख्या गल्लीला ऐकू जायची. मला वाटलं, दुःखाचं आहे, जाईल हळूहळू. गेलं नाही. फोनवर बोलता बोलता ती मध्येच थांबायची आणि म्हणायची, "आइक." मी ऐकायचे. काही नसायचं. ती एकटी त्या घरात, भाकऱ्या दोघांच्या थापत असेल, या विचारानं माझा जीव थाऱ्यावर नसायचा. आणि खरं सांगायचं तर मी घरी जायला घाबरत होते. मलाही ऐकू आलं तर काय करायचं?

एक दिवस गंगाधरकाकांचा फोन आला. "तुह्या बाबाचं जू राह्यलं ना व. मशीनवर होते म्हंतात, त करून दे." त्यांनी लाकूड आणि फर्मा ट्रॅव्हल्सनं पाठवला. मालकांची परवानगी काढून मी फर्म्याच्या रेघेचे बिंदू घेतले, वळणं बसवली, प्रोग्राम लिहिला. ते लांबडं लाकूड मशीनच्या बेडवर कसंबसं मावलं. टूल बाबांच्या पेन्सिलीमागून फिरत गेलं. खाच अशी गुळगुळीत आली की शॉपमधली पोरं हात फिरवून बघायची. मी तोऱ्यात जू परत पाठवलं.

झालं, हात दाखवून अवलक्षण. काकांचा फोन: "दिसाले झ्याक हाये, पण हिऱ्या बैलाच्या मानीले चावते. असंच जुंपलं त खांदा सुजून येईन त्याचा." मी म्हटलं, परत पाठवा, दुरुस्त करते. काका म्हणाले, "अन् बैल? त्यालेही ट्रॅव्हल्समंदी बसवू काय?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. फर्म्यावरची रेघ शेवटची नव्हतीच. बाबा तिथवर कापून थांबायचे, मग बैल अंगणात उभा करायचे, त्याच्या मानेला गेरू लावायचे आणि जू टेकवून बघायचे. जिथं लाल लागेल तिथलं लाकूड चावतं, तेवढंच काढायचं. मी लहानपणापासून हे बघत आले, आणि प्रोग्राम लिहिताना नेमकी हीच गोष्ट विसरले. बैलाला सोडून मी जू पूर्ण करायला निघाले होते. आता जाणं भाग होतं.

गेले. छपरीचं दार उघडलं. वाकस जिथं असायचा तिथंच होता, दांडा काळा पडलेला. काकांनी हिऱ्याला अंगणात आणलं. मी गेरू लावला, जू टेकवलं, उचललं. डावीकडं लाल उमटलं होतं. छपरीत बसून तासायला लागले. ठक, ठक. आतून आईचा आवाज आला, रोजच्यासारखा, जराही न चरकता: "आवरा आता. चहा निवून राह्यला."

काका माझ्याकडं बघायला लागले. मी हात थांबवला नाही. थांबवायची हिंमतच झाली नाही. आई कप घेऊन बाहेर आली, मला बघितलं आणि दारातच उभी राहिली. मग म्हणाली, "तू होय." कप माझ्या हातात दिला. तो बाबांचा होता.

जू हिऱ्याला नीट बसलं. आई तेव्हाही माझ्यासोबत आली नाही. पण आठवड्याभरानं तिचा फोन आला, आवाज अगदी बारीक. "आता नाई वाजत." मी कसं सांगणार होते? परत आल्यापासून, मशीन खाच कापत असलं की त्या घरघरीच्या आत मला वाकस ऐकू यायचा. थोडा थांबून, मानेचा अंदाज घेत तासल्यासारखा. शेवटी सांगितलं. आईला नवल वाटलं नाही. "मंग तुह्यासंगच निंगून आले ते," ती म्हणाली. "मंग मी इथं कायले राहू?"

आता ती माझ्या चाकणच्या खोलीत राहते. छपरीची किल्ली माझ्या लॉकरच्या किल्लीसोबत एकाच कडीत आहे. माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, तुम्हाला घर कुठं म्हणून विचारलं तर तुम्ही गावाचं नाव सांगता. मीही सांगायचे. आता जिथं वाकस वाजतो तिथं घर, आणि तो उद्या कुठं वाजेल हे माझ्या हातात नाही.

रोज कामावरून आले की चप्पल काढायच्या आत आई विचारते, "आज वाजला काय?" नाही म्हटलं तर ती पिशवी भरून जऊळक्याचं तिकीट काढायला लावेल, हे मला ठाऊक आहे. मी म्हणते, वाजला. मग ती निवांत ताटं घेते. अजून एकदाही मला खोटं बोलावं लागलेलं नाही.