पडद्याच्या तळाशी

नव्या फ्लेक्सला एक वास असतो. रॉकेलसारखा, पण त्याहून गोडसर, घशाला चिकटून राहणारा. वडूजच्या बाजारपेठेतलं निवासचं दुकान उघडलं की आधी तो वास बाहेर येई आणि त्याच्यामागून हसत निवास. माघातल्या त्या दुपारी त्याच्या बायकोनं, छायानं, शटर वर ढकललं तेव्हा वास तेवढा आला. आत शिरलेल्या उन्हाच्या पट्ट्यात धूळ सावकाश तरंगत होती आणि कोपऱ्यात कॉम्प्युटरचा पंखा एकसुरी घुरघुरत होता. निवास, माझा धाकटा भाऊ, जाऊन महिना होत आला होता आणि त्यानं चालू ठेवलेला कॉम्प्युटर अजून चालूच होता.

त्या दिवशी तो पहाटेच दुकानात येऊन कामाला बसला होता. मग सगळं तसंच ठेवून, शटर अर्धं ओढून गावाबाहेरच्या तलावाकडे गेला. पाणी ओसरू लागलं की दर हिवाळ्यात तिथं रोहित पक्षी उतरतात आणि ते बघायचं त्याला लहानपणापासून वेड होतं. दुपारी तो पाण्यात सापडला. काठावर त्याच्या चपला होत्या, शेजारी शेजारी, देवळाबाहेर काढून ठेवाव्यात तशा. चिखलात उतरायचं म्हणून माणूस चपला काढतोच, असं मी म्हणते; पण वर्षभरात तो फार अबोल झाला होता हेही मला ठाऊक आहे. पाय घसरला की त्यानं स्वतःच, हे वाक्य गावात कोणी पुरं करत नव्हतं आणि छायाला दिवसरात्र त्याच्याखेरीज दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

निवास फ्लेक्स तयार करी. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणाची श्रद्धांजली. मी सांगलीत आयुष्यभर मराठी शिकवलं, त्यामुळे चौकाचौकांतली ती भडक अक्षरं बघून माझं डोकं उठे आणि मी त्याला ते तोंडावर ऐकवी. तो नुसता हसे. पण कुणाच्या घरी मृत्यू झाला की त्याचा फोन ठरलेला, ‘आक्का, दोन ओळी दे गं, बऱ्यापैकी.’ वाढदिवसाच्या ओळी त्याच्या त्यालाच सुचत; दुःखाच्या मात्र तो माझ्याकडून नेई. खटाव तालुक्यातल्या कितीतरी अनोळखी माणसांना मी अशी सांगलीच्या स्वयंपाकघरातून, फोडणी देता देता निरोप दिला आहे.

त्याची कामाची एक रीत होती. फ्लेक्स साताऱ्याहून छापून येऊन चौकात लागेपर्यंत आणि नावात, नात्यात चूक नाही असं घरच्यांनी म्हणेपर्यंत तो ती फाईल मिटत नसे. अशी उघडी कामं कॉम्प्युटरच्या पडद्याच्या तळाच्या पट्टीवर रांगेनं बसून राहत, प्रत्येकाच्या पायाशी एक बारीक रेघ. भोवती बिनबोलावलेल्या चित्रांची दाटी वेगळी. मुदत संपलेला व्हायरसचा पहारेकरी, कसल्याशा खरेदीची पिशवी, बातम्या, खेळ. निवास त्यांना पैपाहुणे म्हणे. हवामान सांगणारा एक छोटा सूर्यही होता. इंटरनेट तुटल्यापासून तो भलत्याच दिवसावर थबकला होता आणि बाहेर ढग आले तरी तिथलं ऊन ढळत नव्हतं.

दहाव्याला येरळा नदीच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. ऊन चढलं. पुरुषमाणसांनी म्हणायचं ते सगळं म्हणून पाहिलं. बायकोला सांभाळू, आईबापांचं श्राद्ध चुकवणार नाही, शेत पडीक टाकणार नाही. कावळे बाभळीवर बसून होते. लोकांनी एकमेकांकडे बघायला सुरुवात केली, आणि त्या बघण्याचा अर्थ लांब उभ्या असलेल्या आम्हा बायकांपर्यंत पोचला. तेव्हा छाया पुढं झाली आणि हात जोडून म्हणाली, “तुमी अर्धी टाकलेली कामं मी पुरी करते. काईबी अर्धं ठेवत न्हाई.” थोड्या वेळानं एक कावळा खाली उतरला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. छायानं मात्र तिथंच एक ओझं डोक्यावर घेतलं होतं.

कारण त्यानंतर तिनं दुकान रोज उघडलं, पडदा पदरानं पुसला आणि माउसला हात लावला नाही. त्या रांगेत कुठंतरी तिच्यासाठी काही लिहिलेलं असेल, ही तिची भीती होती. आणि काहीच नसेल, हीही. शेवटी वायरमन सांगून गेला की उद्या दिवसभर लाइट नाही, खांब बदलायचे आहेत. इन्व्हर्टरची बॅटरी म्हातारी झालेली, ती तासभर टिकली तरी खूप. न जपता सगळं बंद पडू द्यायचं, की आपल्या हातानं एकेक मिटायचं, एवढंच उरलं होतं. म्हणून तिनं मला सांगलीहून बोलावून घेतलं.

आम्ही आधी पैपाहुणे काढले. छायाला नवऱ्याशेजारी बसून बसून बरंच येत होतं. उजवं बटण दाबायचं, काढून टाक म्हणायचं, की चित्र नाहीसं. तांदळातले खडे वेचताना हात आपोआप चालतात, तशी ती चालली. पिशवी गेली, पहारेकरी गेला. सूर्यापाशी ती थांबली, त्यावरचा तापमानाचा आकडा तिनं वाचला आणि मग तोही काढला. पट्टी मोकळी होत गेली तसं मला बरं वाटू लागलं. त्या बरं वाटण्याची लाजही वाटली, कारण आता फक्त रेघा असलेली चित्रं राहिली होती.

एकेक उघडत गेलं. काळा चष्मा लावलेला कुणी तरुण, अंगापेक्षा मोठी सावली पाडून उभा. एक पिठाची गिरणी, उद्घाटनाचा नारळ अजून जागेवर बसायचा होता; तो तिनं बसवला. एक म्हातारी, जिच्या उघड्या डोक्यावर निवासनं दुसऱ्या कुणाच्या फोटोतला पदर आणून इतक्या हळुवार हातानं घातला होता की शिवण दिसत नव्हती. एका बाजूचे केस झाकायचे राहिले होते. तेवढे छायानं झाकले. मिटताना दर वेळी कॉम्प्युटर विचारी, बदल जपून ठेवायचे का, आणि दर वेळी ती हो म्हणे. कुठंही तिच्यासाठी एक अक्षर नव्हतं.

रांगेच्या टोकाला एकच राहिलं. तिनं माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

“आक्का, हे तुमी उघडा. मी बघत न्हाई.”

मी उघडलं. पडदाभर पांढरं कोरं, आणि मधोमध निवास. कुठल्याशा लग्नाच्या गर्दीतून त्यानं स्वतःला केसन् केस जपत कापून घेतलं होतं. डोक्यावर फेटा, ओठांवर अर्धवट हसू. खाली काही नाही. त्याचे सगळे फ्लेक्स असेच सुरू होत, आधी माणूस कापून कोऱ्यावर ठेवायचा. शुभेच्छा की श्रद्धांजली, ते मागाहून. फाल्गुनात त्याचा पन्नासावा वाढदिवस येणार होता. पण चौकात दुसऱ्यांची तोंडं लावणाऱ्यानं आपलं लावू नये, असं म्हणत त्यानं जन्मभर स्वतःचा फ्लेक्स केला नव्हता.

छायानं डोळे उघडले होते. ती कितीतरी वेळ बघत राहिली आणि मग तिनं विचारलं, “हेच्या खाली काय लिवायचं व्हतं त्यास्नी?”

मी म्हणाले, “वाढदिवसाचा असणार. नाहीतर ओळींसाठी मला फोन केला असता. केला नाही.”

हे बोलताना माझा त्यावर विश्वास होता. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेतूनच मला कळलं की आपल्याच श्रद्धांजलीच्या ओळी माणूस बहिणीकडं मागत नाही. दुकानात तो वास दाटला होता.

उन्हाचा पट्टा टेबलाखाली सरकला. छायानं फाईल मिटायला घेतली, कॉम्प्युटरनं नेहमीचं विचारलं, तिनं हो म्हटलं. नाव मागितलं तिथं तिनं एका बोटानं ‘निवास’ एवढंच लिहिलं. तळाची पट्टी आता रिकामी होती.

“हे एवढं अर्धंच ऱ्हाऊ द्या, आक्का,” ती म्हणाली. “मी शबुद दिला व्हता. पर ऱ्हाऊ द्या.”

तिनं कॉम्प्युटर बंद केला. पंख्याची घुरघुर थांबली आणि बाजारातले आवाज एकदम आत आले, कुणीतरी मेथी विकत होतं. मी दुसऱ्या दिवशी सांगलीला परतले. सकाळी चहा ठेवताना मला अजून तो कोरा पडदा दिसतो, आणि मी मनातल्या मनात निवासच्या फोटोखाली ओळी लिहू लागते. कधी वाढदिवसाच्या, बऱ्याचदा दुसऱ्या. तिकडं छायाही लिहीत असेल. आम्ही फोनवर रोज बोलतो, पण आज काय लिहिलं ते एकमेकींना विचारत नाही.