दरवाज्याच्या चित्रातला चावीवाला

माझी पत्नी वारली. तिच्या लोखंडी पेटीची चावी सापडेना, म्हणून पुढच्या महिन्यात मी पेटीच उचलून चावीवाल्याकडे नेली. तो अमरावतीच्या परकोटाच्या, म्हणजे जुन्या तटबंदीच्या, दरवाज्याला टेकून बसे. त्या दिवशी विद्यापीठाची मुलं शहरातल्या जुन्या वास्तूंची चित्रं काढत होती आणि चावीवाला मान ताठ करून पुतळ्यासारखा बसला होता.

ओठ न हलवता तो म्हणाला, "आज चावी नाई, काका. मी चित्रात जाऊन राहिलो. दरवाज्यासंगं आलो, तर मले कोन उठवीन?"

मी पेटी धरून थांबलो. चित्र काढणाऱ्या मुलीने मलाही काढलं. शेवटी त्याला फोन नंबर देऊन परतलो.

काही दिवसांनी अतिक्रमण हटवणारे आले. चावीवाल्याने त्या मुलीने दिलेली चित्राची प्रत पुढे केली. त्यांच्या साहेबांनी चित्र आणि दरवाजा आळीपाळीने पाहून विचारलं, "यातला पेटीवाला कुठे आहे?"

"जेवाले गेला, साहेब," म्हणत त्याने मला फोन लावला. "काका, पेटी घेऊन लवकर या. तुमच्याबिगर दरवाजा अर्धाच हाय!"

मी जाऊन उभा राहिलो. साहेबांनी जुळवून पाहिलं आणि ते परत गेले.

ते पुन्हा कधी येतील सांगता येत नाही, म्हणून मी रोज संध्याकाळी तिथे उभा असतो. तो चावी उद्या करू म्हणतो. मीही घाई करत नाही.