नकाशात नसलेला उंबरठा

त्या सुताराला सगळे 'कशावरून' म्हणत. लग्न ठरताना होणारी सासू म्हणाली, मुलगी शांत स्वभावाची आहे, तर यानं विचारलं, "कशावरून?" बायकोनं ते चाळीस वर्षं ऐकवलं, पण जित्याची खोड ती, जाते कुठे!

उतारवयात त्याच्याकडे नामी काम आलं. गावच्या थोर चित्रकाराचं जन्मघर कधीच जळून गेलं होतं. ते जुन्या नकाशावरून पुन्हा उभारून त्याचं संग्रहालय करायचं होतं. दारं-खिडक्या याच्याकडे. चित्रकाराच्या लहानपणच्या चित्रांची पेटी त्याच्या धाकट्या बहिणीपाशी होती. ती आता ऐंशीची. घर ओळखीचं वाटलं तरच पेटी देईन, अशी तिची अट.

ती आली, खोल्यांतून फिरली आणि म्हणाली, "घर छान आहे. आमचं नाही." काय चुकलं ते मात्र तिला सांगता येईना. संग्रहालयाचे साहेब नकाशा उलगडून तिला इंच न् इंच पटवू लागले. सुतार मात्र म्हातारीचे पाय बघत होता. स्वयंपाकघराच्या दारात तिचा पाय उगाच वर उचलला जाई. जाताना तसंच, येतानाही. सपाट फरशीवर हे कशाला? त्याला चैन पडेना. इथे उंबरठा होता का, असं त्यानं विचारलं, तर आठवत नाही म्हणाली. परवा पुन्हा एकदा बघते, म्हणून गेली.

डोक्याला आठवत नसेल, पायाला आठवत असेल, असं सुतारानं मनाशी धरलं. नकाशात नाही ते बसवायचं नाही, असं साहेबांनी बजावलं. यानं मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी चार बोटं उंचीचा उंबरठा ठोकून मोकळा झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो पाहून साहेब भडकले. ते उखडायला लावणार, तोच म्हातारी दारात. सुतार तिच्या पायांकडे बघत राहिला. अंदाज चुकला तर पेटी जाणारच, वर म्हातारी अडखळून पडणार.

ती खाली न बघता उंबरठा ओलांडून गेली. थबकली, मागे वळली आणि कण्हत त्यावरच बसली.

"आई आत येऊ द्यायची नाही. मग इथंच बसून चित्रं काढायचा तो. खडू मी धरायचे." उंबरठ्यावरून हात फिरवून ती म्हणाली, "पेटी न्यायला माणूस पाठवा."

मग ती कडेला सरकली, शेजारी एका मुलापुरती जागा ठेवून. साहेबांना वाटलं, आपल्यालाच बसायला सांगतेय. ते हसत पुढे झाले. सुतारानं त्यांची बाही धरली.